मांडीवरचं बाळ आणि नववीचा पहिला धडा

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी तो शिकवतो. मुलांना न्यूटनचे तिन्ही नियम पाठ असतात. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण गणितात कायम ‘एक वस्तू’ असते. अमुक किलोग्रॅमची, अमुक वेगाने जाणारी. त्या वस्तूच्या जागी गाडीत पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसलेलं बाळ घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

बाळाचं वस्तुमान १० किलोग्रॅम धरू. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. ती समोरच्या ट्रकवर आदळून ०.१ सेकंदात थांबली. त्वरण झालं १४० मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि बाळाला तेवढ्याच वेळात थांबवायला लागणारं बल १,४०० न्यूटन. सिमेंटची जवळजवळ तीन पोती उचलायला लागेल एवढा हा जोर आहे, आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत लावायचा. कुठल्याच आईच्या हातांत तो नसतो. ‘सर, मी घट्ट धरून बसते’ असं पालक सांगतात, तेव्हा त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नसते. पण हे गणित मायेने सुटत नाही.

गैरसमजाचं मूळ पहिल्या नियमात आहे. आईला वाटतं, बाळ मांडीवर स्वस्थ बसलंय. गाडीच्या मानाने ते खरंही आहे. रस्त्याच्या मानाने मात्र ते बाळ गाडीच्याच वेगाने धावत असतं, आणि गाडी थांबली म्हणून ते थांबत नाही. थांबवणारं बल मिळेपर्यंत ते पुढे जात राहणार. ते बल डॅशबोर्डने दिलं, तर वेळ आणखी कमी मिळतो आणि बल त्याच पटीत वाढतं. चाइल्ड सीटचा पट्टा बाळाला गाडीशी बांधतो. त्यामुळे गाडीचा पुढचा भाग चेपायला जो वेळ लागतो, तो बाळालाही मिळतो, आणि जोर एका जागी न बसता अंगभर विभागला जातो. पट्ट्याचं सगळं काम एवढंच आहे. मागच्या सीटवरच्या मोठ्यांनाही हाच नियम लागू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे सगळे पट्ट्यांबद्दल बोलले, मग विषय मागे पडला.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल, तर १,००० रुपये दंड होतो. पण पावतीच्या भीतीने लावलेला पट्टा चौकी ओलांडली की सुटतो. घरात नववीतल्या मुलीने वहीवर हा हिशेब मांडून दाखवला, तर मामा आणि काका तो ऐकतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून परीक्षेत हेच उदाहरण घाला, आणि वर्षाच्या पहिल्या पालकसभेत फीचा विषय निघण्याआधी ते फळ्यावर सोडवा. दहा मिनिटं पुरतात.