शंकेला दटावू नका

१९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात कॅथलिक कुटुंबे दूरदूर विखुरलेली आहेत. पिंपळगाव राजासारख्या गावी वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला शाळासोबती सहज विचारतील, ‘तुमचा देव निराळा का?’ तोच प्रश्न घेऊन ते घरी आले आणि वडीलधाऱ्यांनी ‘असले विचारू नये’ म्हणून गप्प केले, तर त्याने जावे कोठे? अशा धाकाने श्रद्धेचे रक्षण होत नाही, तिचा कोंडमारा होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त श्रोते शंका विचारतात आणि गुरू उत्तरे देतात. शंकेने त्या गुरूचा मान गेला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी त्यांना त्यांचे सोवळे पाळू दिले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६५ साली बजावले, की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नको.

मोकळीक दिली तर मुले भरकटतील, असे काही जण म्हणतात. परंतु दटावलेले मूल शंका सोडत नाही. ती विचारायला दुसरे दार शोधते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दृढीकरणाच्या तयारीत पाठांतराइतकाच वेळ मुलांच्या प्रश्नांना द्यावा. उत्तर ठाऊक नसेल, तर आईबापांनी मुलाचा हात धरून फादरांकडे जावे आणि त्याच्या शेजारी बसून ऐकावे.