दस्ता कुणाच्या मापाचा?

बायकांच्या अंकात बंदूक कशाला, असं काही जणी विचारणारच. आमच्या वाशीम जिल्ह्यात बारा बोअर म्हणजे रोही-रानडुकरांपासून पीक राखायची वस्तू. मी पाहिलेले परवाने सगळे पुरुषांच्या नावावर. मी बोलतेय ते मात्र खेळाबद्दल. हवेत उडणारी ११ सेंटिमीटरची चकती छऱ्यांनी फोडायची, एका फेरीत २५. (नाव मातीच्या चकतीचं, असते चुनखडी-डांबराची.)

आमच्या गटातल्या एका मुलीला हा खेळ शिकायचाय. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची चौकशी करायला गेलो, तर दुकानदार तिच्याकडे न बघता तिच्या वडिलांना म्हणाला, "लेडीजसाठी हलकी घ्या."

वरवर काळजी, पण सल्ला उलटा! काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी हलकी तितका खांद्याला धक्का जास्त. दिवसाला शंभर बार काढणाऱ्या मुलीला वजनदार बंदूकच सांभाळून घेते. सेमी-ऑटोमॅटिकमध्येही दोन जाती. एक बाराच्या वायूवर चालते. तिचा धक्का मऊ, पण साफसफाई फार. दुसरी धक्क्याच्याच जोरावर चालते. ती सुटसुटीत, पण २४ ग्रॅमच्या खेळाच्या काडतुसावर कधी अडखळते. शिकणारीनं पहिली घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. आंतरराष्ट्रीय नियमात सेमी-ऑटोमॅटिक चालते, एका वेळी दोनच काडतुसं बसतील एवढी अट. पंप मात्र चालत नाही. बरेच मोठे खेळाडू दुनळी वापरतात हे खरं. पण चांगली दुनळी सहसा महागच पडते.

खरी गोम दस्त्यात आहे. तो पुरुषी मापाचा. लांब पडला की बाई मागे कलते, गाल टेकायची जागा खाली राहते आणि दस्त्याचं खालचं टोक छातीत रुततं. मग म्हणायचं, बायकांना नेम जमत नाही! दस्ता कापता येतो, त्याचा कोन बदलता येतो. तेवढं करून द्या आणि मग बोला.

नेम जमला तर काय होतं, तेही ऐका. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट हा प्रकार स्त्री-पुरुषांचा एकत्र होता. चीनच्या झांग शाननं पुरुषांना हरवून सुवर्ण घेतलं. १९९६ ला अटलांटात स्कीट फक्त पुरुषांची! बायकांची वेगळी स्कीट आली ती २००० साली, सिडनीत.

आपल्याकडे या खेळावर राजवाड्यांची छाप. पण भोपाळजवळच्या मासेमार घरातली मनीषा कीर २०१८ च्या जागतिक स्पर्धेत ज्युनियर ट्रॅपमध्ये रौप्य घेऊन आली. ती मध्य प्रदेश सरकारच्या नेमबाजी अकादमीत शिकली. बापाच्या खिशावर सोडलं असतं तर ती चकतीपर्यंत पोचली असती का?

वाशीमचं नाव २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. आकांक्षा कुणाच्या, हे एकदा मुलींना विचारा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आमचं मागणं लेखी जाणार आहे: मुलींना शॉटगनच्या प्रशिक्षणासाठी सरकारी खर्चानं पाठवा, बंदूक आणि काडतुसं अकादमीची असू द्या, आणि दस्ता प्रत्येकीच्या मापानं बसवून द्या. ज्यांना सही करायची आहे त्यांनी पुढच्या बैठकीला यावं.