शिबिरे पुष्कळ झाली, आता वही हवी

यवतमाळचे नाव महाराष्ट्रातील वाचकाच्या कानावर येते ते बहुधा एखाद्या मृत्यूच्या वार्तेसोबत. पावसाने दडी मारली, कपाशीचा भाव कोसळला, सावकाराचा तगादा वाढला की किती शेतकऱ्यांनी जीवनयात्रा संपविली याचा आकडा छापला जातो आणि पुढच्या आठवड्यात तो आकडा जुना होतो. २००६ च्या जुलैमध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन या एकाच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हाही शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मृतांच्या वारसांना मदत दिली. मेलेल्यांची गणना आपण बऱ्यापैकी चोख करतो. प्रश्न आहे तो जे जगले, जे जगत आहेत, त्यांचा.

त्या फवारणीच्या दिवसांत शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले आणि बरे होऊन घरी गेले. त्यांच्या दृष्टीचे, हातापायांच्या बळाचे, झोपेचे, कामाच्या क्षमतेचे पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय झाले, याची नोंद गावातल्या आरोग्य उपकेंद्रात बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. पांढरकवडा, झरी जामणी, वणी या भागांत भूजलात फ्लोराईडचे प्रमाण जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यासाठीची वरची मर्यादा. त्याहून अधिक फ्लोराईडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दात डागळतात आणि मग हाडे, सांधे ताठरतात. माणूस मरत नाही, वाकतो. वाकलेल्या पाठीची बातमी होत नाही. विदर्भातील आदिवासी आणि काही अनुसूचित जातींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ हे लक्ष्यवर्ष ठरविले. आणि या सर्वांच्या जोडीला आता शहरी म्हणून हिणवले जाणारे रक्तदाब आणि मधुमेह हे दोन पाहुणे खेड्यात मुक्कामाला आले आहेत.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे आरोग्य तपासणी शिबिर. या पानांचे बहुतेक वाचक कधी ना कधी अशा शिबिरात राबले असतील. आदल्या दिवशी शाळेच्या खोल्या झाडायच्या, फलक लावायचा, शहरातून डॉक्टर आणायचे, दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, मग रांगा. संध्याकाळपर्यंत चारशे जणांची तपासणी होते, अहवालात आकडा जातो, छायाचित्र जाते. त्यामागील कळकळीविषयी शंका नाही. पण ज्या साठीच्या आजोबांचा रक्तदाब त्या दिवशी १८० भरला, त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्यावर सोळाव्या दिवशी काय झाले, हे कोणालाच ठाऊक नसते. रक्तदाब हा एका दिवसाचा आजार नाही, तेव्हा त्यावरचे सेवाकार्यही एका दिवसाचे असून चालत नाही. हे कटू वाटेल, परंतु स्वकीयांशी बोलताना ते बोललेच पाहिजे.

गडचिरोलीने या बाबतीत डोळे उघडणारे काम करून ठेवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून तेथे उभारलेल्या ‘सर्च’ या संस्थेतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंचा माग काढला. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ज्या घरी मृत्यू झाला, त्या घरी जाऊन शेवटच्या दिवसांची हकिकत विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचे, अशी ती पद्धत. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्धांगवायूचा झटका हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले. सातातील एक मृत्यू त्याने झाला होता. जंगलातल्या जिल्ह्यात माणसे मलेरियाने, अतिसाराने मरतात अशी आपली समजूत. प्रत्यक्षात मेंदूतील रक्तवाहिनी फुटून किंवा तुंबून मरणारे त्यांच्या पुढे गेले होते. घरोघरी कोणी विचारलेच नसते, तर ही गोष्ट कधी कळली असती?

पण गडचिरोलीचे ते काम मृत्यूपासून मागे जाणारे होते. जन्मापासून, किंबहुना जन्माच्याही आधीपासून पुढे जाणारे काम पुण्याजवळ झाले आहे, आणि त्याची कथा मराठी घरांत जितकी सांगितली जायला हवी होती तितकी सांगितली गेलेली नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. पाश्चात्त्य पुस्तकांत मधुमेही म्हणजे स्थूल आणि उतारवयाकडे झुकलेला. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण मात्र तरुण आणि दिसायला सडपातळ. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर यांचे संशोधन गाजत होते. त्या संशोधनाचे मूळ एका परिचारिकेच्या वह्यांत आहे. हर्टफर्डशायर परगण्याच्या मुख्य आरोग्यसेविका एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी १९११ पासून प्रत्येक नवजात बालकाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन नोंदविण्याचा शिरस्ता घालून दिला. पुढे सत्तर वर्षांनी बार्कर यांच्या हाती त्या वह्या लागल्या. त्यांतील साडेपाच हजारांवर पुरुषांचा शोध घेतला, तेव्हा ज्यांचे बालपणीचे वजन कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू अधिक झाल्याचे दिसले. १९८९ मध्ये हे छापून आले. म्हणजे प्रौढपणीच्या आजाराची पेरणी आईच्या उदरात होते. आपल्याकडे गर्भसंस्कारांविषयी हौसेने बोलणारे पुष्कळ आहेत. गर्भवतीचे वजन महिन्याच्या महिन्याला नीट लिहून ठेवणारे थोडे.

डॉ. याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल त्यांच्या सहकारी. विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच करायची, त्यांचा आहार, कष्ट, रक्त तपासायचे, मूल जन्मताच मोजायचे आणि मग त्या मुलाचा हात सोडायचा नाही. जन्मलेल्या मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गंमत पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त, असे हे भारतीय मूल. मधुमेहाचे बीज ते तेथेच घेऊन येते.

मोठेपणी हेच कसे दिसते, हे डॉ. याज्ञिक यांनी स्वतःच्या देहावरून दाखविले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले गेले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युरोपच्या मापाने निरोगी ठरलेला भारतीय मनुष्य आपल्या प्रकृतीच्या मापाने धोक्याच्या रेषेवर उभा असू शकतो. स्वदेशी हा शब्द आपण साबण आणि कापडापुरता वापरतो. आपल्या देहाचे माप आपणच घ्यायला हवे, हा त्याचा अर्थ फारसा कोणी लावीत नाही.

त्या सहा गावांतून आणखी दोन गोष्टी पुढे आल्या आणि त्या दोन्ही यवतमाळला थेट लागू पडतात. पहिली कष्टांची. गरोदरपणात शेतातले आणि घरातले, पाणी वाहण्याचे काम जितके जड, तितके बाळ लहान असे दिसले. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांचा या विश्लेषणात मोठा वाटा होता. सातव्या महिन्यापर्यंत कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाईचे चित्र डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे या निष्कर्षाचे वजन कळेल. ज्या आयांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे तुलनेने सुदृढ होती, हेही तेथेच दिसले.

दुसरी गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय घरांना टोचणारी आहे. त्या स्त्रियांपैकी दोन तृतीयांशांत ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. आणि ज्यांच्यात ब-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. शाकाहार हा आपल्या अनेक घरांचा श्रद्धेचा विषय आहे आणि तसा तो असावाही. पण श्रद्धा जपायची तर तिची किंमत सुनेच्या आणि नातवाच्या शरीराने मोजायला नको. घरातील दूध आधी कोणाच्या वाट्याला येते, उरलेल्या ताकात पाणी घालून कोण भागविते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. चहापुरते दूध म्हणजे दूध नव्हे. पुरत नसेल तेथे ब-१२ ची गोळी घेण्यात धर्म बुडत नाही. लोह आणि फोलिक आम्लाची सरकारी गोळी बंद करावी असा मात्र याचा अर्थ कोणी काढू नये. ती आवश्यकच आहे, तिच्या जोडीला दुसरी उणीवही भरून निघावी इतकेच. डॉ. याज्ञिक यांच्या चमूने २०१२ पासून त्याच गावांतील, आता तरुण झालेल्या मुलामुलींना रोज केवळ दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, याचा प्रयोग केला. आजी, आई आणि नात, तिघींची नोंद एका दप्तरात. असे दप्तर देशात फार थोड्या ठिकाणी आहे.

मनाच्या आरोग्याचे काय? तेही मोजता येते आणि सुधारता येते, याचा पुरावा यवतमाळच्या सीमेवरच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ हा उपक्रम चालविला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन उदासीनतेने ग्रासलेल्यांशी बोलते केले, गरज पडेल तेथे डॉक्टरांशी जोडून दिले. आधी शंभरातील जेमतेम चार जण मदतीपर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांनी सत्तावीस पोहोचू लागले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचे महत्त्व असे की, त्यांत कर्जमाफी नव्हती, पॅकेज नव्हते. कर्जाचा प्रश्न खोटा आहे असे येथे सुचवायचे नाही. कर्ज दोन भावांवर सारखेच असते. एक विहिरीकडे जातो, दुसरा नांगराकडे. त्या दोघांमधल्या अंतरात कोणीतरी जाऊन बसावे लागते.

तेव्हा यवतमाळने काय करावे? जिल्ह्यात १९८९ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वसंतराव नाईकांचे नाव धारण करणारे. दिल्ली-मुंबईच्या संस्थेची वाट न पाहता त्याच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाने वीस-पंचवीस गावे निवडावीत. पुसदकडचा एखादा बंजारा तांडा, झरीकडचे कोलामांचे पोड, वणीकडील खाणीजवळचे गाव, दारव्ह्याकडचे कपाशीचे गाव, असा सारा जिल्हा त्यांत यावा. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये ५,२०९ माणसांपासून अशीच सुरुवात झाली आणि रक्तदाब व हृदयविकाराचे नाते जगाला तेथून नीट उमगले. तेथील नोंद अजून चालू आहे. फार मोठा पैसा लागतो तो यंत्रांना. वजनकाटा, रक्तदाबमापक आणि चिकाटी यांना तितका लागत नाही.

मात्र एक अट. आत्महत्यांच्या काळात येथे अभ्यासक, पत्रकार, वाहिन्यांचे लोक पुष्कळ येऊन गेले. विधवांनी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, तेच दुःख पुन्हा पुन्हा उगाळले आणि प्रश्न विचारणारा परत आला नाही. ज्याचे रक्त घेतले त्याला त्याचा निकाल त्याच्या बोलीत, मग ती कोलामी असो वा गोरमाटी, समजावून सांगितला पाहिजे आणि जो आजारी निघाला त्याच्या औषधाची सोय आधी झाली पाहिजे. माहिती गावाची आहे. तिच्यावर निबंध लिहून पदवी मिळविणाऱ्याने ग्रामसभेत उभे राहून ती सांगण्याचे ऋणही फेडावे.

आपल्या कार्यकर्त्यांचा उपयोग येथे होतो. आशा स्वयंसेविकेच्या पाठीवर आधीच बरीच कामे आहेत. प्रत्येक गावात दोन तरुणांनी महिन्यातून एकदा तिच्याबरोबर वीस घरे फिरावीत, रक्तदाब मोजावा, गोळ्या संपल्या का ते पाहावे, वहीत लिहावे. पुढल्या वर्षी शिबिर भरवायचेच असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच चारशे जणांना बोलवावे आणि किती आले, किती गेले, किती सुधारले, तो आकडा अहवालात छापावा.

आणि वेळेचे भान ठेवावे. वेचणी सुरू झाली की सकाळी आठनंतर यवतमाळच्या खेड्यात घरोघर कुलूप आणि ओसरीवर म्हातारी माणसे, एवढेच भेटते. अकरा वाजता जीप घेऊन जाणाऱ्याला गाव निरोगी वाटण्याची शक्यता आहे. जायचे ते दिवेलागणीनंतर, बायका शेतातून परतून चुलीपुढे बसल्या असतील तेव्हा.