न्हालो, पण माखलो नाही

‘अंग खाजतंय? मग नीट घासून आंघोळ कर!’ हे वाक्य लहानपणी ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. या एका वाक्यात निदान आहे, उपचार आहे आणि वर थोडा अपमानही आहे. खाज म्हणजे मळ, मळ म्हणजे आळस, तेव्हा खाजणाऱ्याने मुकाट्याने पुन्हा मोरीत जावे. अडचण एवढीच, की मी ज्या खाजेबद्दल लिहितो आहे ती मोरीतून बाहेर आल्यावरच सुरू होते. पंचा दोरीवर टाकावा, सदरा अंगात घालावा, आणि नडग्या, पोटऱ्या, कंबर आणि पाठीचा नेमका हात न पोचणारा भाग चुरचुरू लागावा. माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासतो, नखाने पोटरीवर पांढऱ्या रेघा ओढतो, आणि अर्ध्या तासाने शांत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आत्ताच दोनदा साबण लावून आलेल्या या माणसाच्या अंगावर आपण कोणता मळ शोधणार?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ही खाज बहुतेक वेळा मळ राहिल्याची नसते. मळाबरोबर जे जायला नको होते तेही गेल्याची असते. म्हणून तिच्यासाठी आंघोळीत काही वाढवायचे नाही, बरेचसे कमी करायचे आहे, आणि आंघोळीनंतर एक गोष्ट करायची आहे जी आपण सोडून दिली. हे अनेकांना पटत नाही. तेव्हा आधी त्यांचेच ऐकू.

पहिला पक्ष अर्थातच मळवाद्यांचा. कढत पाणी, भरपूर फेस, घोसाळ्याची जाळी किंवा नायलॉनची घासणी, आणि बोट फिरवल्यावर करकर वाजणारी कातडी, ही यांची स्वच्छतेची कल्पना. ताटाच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण कातडी म्हणजे स्टीलचे ताट नव्हे. तिचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. पेशींच्या पंधरा-वीस पदरांची ती भिंत कागदाहूनही पातळ भरते. पेशी म्हणजे विटा, आणि विटांच्या मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले, थोडक्यात चरबी. आतले पाणी आत राहते ते या चुन्यामुळे. विटांच्या आतही ओलावा धरून ठेवणारे पदार्थ असतात, आणि ते पाण्यात विरघळतात. तुपाचे भांडे गार पाण्याने निघत नाही, त्याला कढत पाणी आणि साबण लागतो, हे ज्या घरात ठाऊक आहे, त्या घरात कढत पाणी आणि साबण मिळून अंगावर काय करतात हे वेगळे समजावायला नको. आंघोळ चालू असताना हा थर पाणी पिऊन फुगतो. बाहेर आल्यावर ते पाणी उडून जाते, जाताना धरून ठेवणारे कोणी उरलेले नसते, थर आकसतो आणि कातडी ओढल्यासारखी होते. मग खालच्या मज्जातंतूंची टोके कुरकुर करतात. ती कुरकुर म्हणजे आपली खाज. तिच्यावर ‘अजून घास’ हा उपाय म्हणजे ओल आली म्हणून भिंतीचा गिलावा खरवडण्यासारखा आहे.

कढत पाण्याचे वकीलपत्र घेणारे म्हणतात, ‘पण कढत पाणी ओतलं की खाजेला किती बरं वाटतं!’ वाटते, हे मी नाकारत नाही. कढत तांब्या खाजऱ्या जागी रिकामा करण्याचे सुख मीही घेतले आहे. पण ते सुख उसने असते. त्या क्षणापुरती मज्जातंतूंची तक्रार दबते, इकडे चुना आणखी निघतो, आणि संध्याकाळपर्यंत व्याजासकट वसुली होते.

दुसरा पक्ष जंतूवाद्यांचा. खाज म्हणजे जंतू, तेव्हा जंतुनाशक साबण. हा पक्ष जाहिरातींवर पोसला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटक घरगुती जंतुनाशक साबणांतून बाद केले. साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो हे उत्पादकांना दाखवता आले नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण. शिवाय निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास. चरबी आणि अल्कली यांपासून बनलेल्या खऱ्या साबणाचा सामू नऊ-दहा. म्हणजे प्रत्येक फेसागणिक आपण कातडीचा तोल बिघडवतो आणि तो सावरायला तिला काही तास लागतात.

यांचेच चुलत भावंड म्हणजे वेष्टनावरचे आकडे वाचणारे सुशिक्षित. टीएफएम ७६ टक्के, म्हणजे पहिल्या प्रतीचा, म्हणजे सौम्य! भारतीय मानकानुसार ७६, ७० आणि ६० टक्के अशा साबणाच्या तीन प्रती आहेत हे खरे. पण तो आकडा वडीत मेदद्रव्य किती हे सांगतो, वडी अल्कधर्मी आहे की नाही हे सांगत नाही. पहिल्या प्रतीचा साबणही साबणच. मी स्वतः तीन हिवाळे वडीमागून वडी बदलत होतो. लिंबाची, चंदनाची, कडुनिंबाची, पारदर्शक, बिनवासाची. खाज बदलली नाही, कारण पाणी, वेळ आणि हात तेच होते.

तिसरा पक्ष रक्तवाद्यांचा, आणि तो आपल्याकडे सगळ्यांत जुना. ‘रक्त अशुद्ध झालंय.’ मग कडू काढे आणि बाटलीतली रक्तशुद्धी. रक्त गाळायला मूत्रपिंडे आणि यकृत अहोरात्र बसलेली आहेत. त्यांच्या मदतीला बाटली लागत नाही. आणि जी खाज बरोबर आंघोळीनंतर येते आणि तासाभरात जाते, तिचा दोष रक्ताला द्यायचा तर रक्ताला नळाचे वेळापत्रक कळते असे मानावे लागेल. मात्र इथे प्रामाणिकपणे एक अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो गंभीर आहे. पॉलिसायथीमिया व्हेरा नावाच्या विरळ आजारात अस्थिमज्जा लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनवते, आणि अशा अनेक रुग्णांना पाण्याचा स्पर्श झाला की टोचणारी, जळजळणारी खाज सुटते. पुरळ दिसत नाही, पाणी गार असो की गरम. कधीकधी निदानाच्या कितीतरी वर्षे आधी ही खाज सुरू होते. सुमारे ९५ टक्के रुग्णांत जॅक-२ जनुकातला जो विशिष्ट बदल आढळतो, तो २००५ मध्ये सापडला. म्हणजे रक्तवाद्यांचा संशय क्वचित खरा ठरतो, पण तिथेही रक्त ‘घाण’ नसते, दाट असते, आणि ते कळायला सीबीसी ही साधी तपासणी लागते, काढा नव्हे.

चौथा पक्ष म्हणतो, पाणी बाधले. गाव बदलले, सोसायटीत टँकर आला, बोअरचे पाणी सुरू झाले आणि खाज लागली. याचे म्हणणे निम्मे खरे आहे. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेले असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच अंगावरही बसतो. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो. ब्रिटनमध्ये जड पाण्याच्या भागातल्या शाळकरी मुलांत इसबाचे प्रमाण अधिक आढळले होते. मग घरी पाणी मऊ करणारे यंत्र बसवले तर? तेही करून पाहिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच चाचणीत इसब असलेल्या ३३६ मुलांचा समावेश होता. बारा आठवड्यांत यंत्रामुळे इसबात वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा नळाला तोटीएवढा फिल्टर लावून खाज घालवू पाहणाऱ्यांनी आधी साबणाची वडी अर्धी करून पाहावी. पाणी बदलणे आपल्या हातात नसते, साबण कमी करणे असते.

पाचवा पक्ष मला जवळचा, म्हणून त्याच्याशी भांडणे अवघड. तो म्हणतो, ‘हे सगळं साबणाचं पाप. उटणं लावा, आजीच्या काळात कुठे होती खाज?’ आजीच्या काळातही खाज होती. ती पदराआड खाजवत असे. पण परंपरेत खरा आधार आहे तो उटण्यापेक्षा तेलाचा. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असे सांगितले आहे, आणि गरम पाणी डोक्यावरून घेण्याविरुद्ध इशाराही आहे. आपण काय केले? रोजचा अभ्यंग नरकचतुर्दशीच्या एका पहाटेवर नेऊन ठेवला आणि बंबाची जागा गीझरने घेतल्यावर कढत पाणी मात्र रोजचे केले. तेल एक दिवस, कढत पाणी तीनशे पासष्ट दिवस, आणि वर परंपरेचा अभिमान! राहिले उटणे. तेल माखलेल्या अंगावर ते ठीक. पण कोरड्या अंगावर मुलतानी माती आणि भरड पूड रोज घासणे म्हणजे दुसऱ्या नावाची घासणीच. ‘नैसर्गिक’ या शब्दाने खरखर मऊ होत नाही.

एवढे खंडन झाल्यावर वाचक विचारणार, ‘मग आंघोळच सोडायची काय?’ मुळीच नाही. मुंबईच्या दमट घामात आणि मे महिन्यातल्या परभणीत आंघोळ हवीच. प्रश्न आंघोळीचा नाही, तिच्या पद्धतीचा आहे, आणि ती पद्धत आपल्या भाषेने सांगून ठेवली आहे. आपण नुसते ‘न्हाऊ घालणे’ म्हणत नाही, ‘न्हाऊमाखू घालणे’ म्हणतो. माखणे म्हणजे तेल चोपडणे. जोडशब्दातला पहिला शब्द आपण ठेवला, त्याची वेळ दुप्पट केली, आणि दुसरा टाकून दिला. खाज त्या टाकलेल्या शब्दाची आहे.

तर मंडन असे. बादलीत विसण घाला. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी कोमट लागले पाहिजे. आरसा वाफेने धुरकटला तर समजावे, चुकले. पाच-दहा मिनिटे पुरेत. साबण काखा, जांघा आणि पावले यांना; नडग्या आणि पाठ चिखलात लोळली नसतील तर त्यांना पाणी पुरते. सिंडेट, म्हणजे रूढ अर्थाने साबण नसलेली आणि कमी सामूची वडी मिळाली तर उत्तम. घासणी आणि वज्री टाचांपुरत्या. पंचा घासू नये, टिपावे. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, माखावे. कातडीत शिरलेले पाणी उडण्याआधी त्यावर झाकण ठेवायचे, एवढीच त्यातली युक्ती. तासाभराने, कोरडे पडल्यावर लावलेले मलम रिकाम्या भांड्यावरचे झाकण ठरते.

काय माखावे? इथे महाग-स्वस्त हा वाद फारसा टिकत नाही. पेट्रोलियम जेली हे पाणी रोखणाऱ्या पदार्थांतले सर्वांत भरवशाचे. ग्लिसरीन किंवा पाच-दहा टक्के युरिया असलेले मलम ओलावा धरते. मात्र ओरखड्यांवर युरिया चुरचुरतो. खोबरेल तेलाची टिंगल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २००४ मध्ये फिलिपाइन्समध्ये कोरड्या कातडीच्या ३४ रुग्णांवर शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, आणि दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. ‘चिकट वाटतं’ ही तक्रार मी ऐकली आहे. ती बहुतेकदा कोरड्या अंगावर मूठभर तेल ओतणाऱ्याची असते. ओल्या अंगावर चमचाभर पुरते, आणि कपडे चढेपर्यंत मुरते.

उरला प्रश्न दुकानातून मागून आणलेल्या खाजेच्या गोळीचा. ती हिस्टामिनला अडवते. कोरडेपणाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा फारसा नसतो, म्हणून जुन्या गोळ्यांनी खाज जात नाही, झोप तेवढी येते, आणि माणूस झोपेत खाजवतो. त्याहून वाईट म्हणजे विचारल्याशिवाय लावलेले स्टेरॉइडचे मिश्र मलम. अंगावर कडा उठलेले गोल चट्टे असतील तर तो गजकर्ण. असे मलम त्याला दाबून पसरवते. रात्री खाज वाढते आणि घरातले सगळेच खाजवतात, तर खरूज. आंघोळीनंतर गांध्या उठतात, तर ते पित्त. पुरळ नसताना प्रत्येक पाण्याने जळजळ होते, खाज सहा आठवडे हटत नाही, डोळे पिवळे दिसतात किंवा वजन घटते आहे, तर माखणे पुरेसे नाही, डॉक्टरकडे जावे. माझा पक्ष या सगळ्यांना लागू पडतो असा माझा दावा नाही. हिवाळ्यात वाढणारी, पुरळ नसलेली, नडग्यांपासून सुरू होणारी, साठीनंतर हमखास गाठणारी जी साधी खाज आहे, तिच्यापुरता तो आहे. आणि चौकटीला पाठ घासणारे बहुतेक लोक तिचेच रोगी असतात.

तरीही ज्याला हे पटणार नाही त्याने घरात तान्हे बाळ असेल तर त्याची आंघोळ बघावी. न्हाऊ घालणारी बाई पाण्यात आधी स्वतःचा हात बुडवते, विसण घालते, पुन्हा हात बुडवते. बाळाच्या अंगाला तेल लागलेले असते. घासणी कुठेच नसते, आणि बाळाची कातडी करकर वाजावी अशी अपेक्षाही कोणी धरत नाही. बाळ रडले तर बाई पाण्याला दोष देते, बाळाला नाही. आपण मोठे झालो आणि हा न्याय उलटा केला.