गाणे विकत घेणे

बाजारातून आपण पेन्सिल विकत आणतो, तेव्हा 'विकत घेणे' या शब्दांचा अर्थ कोणी कोणाला समजावून सांगत नाही. पैसे दुकानदाराचे झाले आणि पेन्सिल आपली झाली. ती धाकट्या भावंडाला द्यावी, कंपासपेटीत जपून ठेवावी किंवा टोक करून करून संपवून टाकावी. दुकानदार त्याबद्दल विचारावयास येत नाही. परंतु 'मी गाणे विकत घेतले,' असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा नेमके काय त्याचे होते? गाणे तर हातात धरता येत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले आहे. त्यातील शेवटचा बदल पुष्कळांच्या ध्यानातही आलेला नाही, असे मला वाटते.

पूर्वी गाणे ऐकावयाचे म्हणजे गाणाऱ्यापुढे जाऊन बसावे लागे. देवळातील कीर्तन असो, जत्रेतील तमाशा असो की नाटकगृहातील पदे असोत, गाणारा थांबला की गाणेही थांबे. तिकिटाचे पैसे मोजणारा प्रेक्षक घरी परतताना बरोबर काही नेत नसे. चाल ध्यानात राहिली आणि गुणगुणता आली, तर तेवढीच त्याची. १८७७ साली अमेरिकेत थॉमस एडिसन याने आवाज साठवून तो पुन्हा ऐकविणारे यंत्र तयार केले. त्यानंतर दहा वर्षांनी एमिल बर्लिनर याने सपाट, वाटोळ्या तबकडीची युक्ती काढली. एका साच्यावरून अशा पुष्कळ तबकड्या काढता येऊ लागल्या, आणि गाणे ही दुकानात मांडून विकण्याजोगी वस्तू झाली.

आपल्या देशात हा व्यापार कसा सुरू झाला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास आला. त्या वेळच्या प्रसिद्ध गायिका गौहरजान त्याच्या यंत्रापुढे गायल्या. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत. याचे कारण असे की, आवाज कलकत्त्यास मुद्रित होई, पण तबकड्या तयार होत जर्मनीतील हॅनोव्हर या गावी; तेथील कामगारांना हे गाणे कोणाचे आहे, हे कळावे कसे? या तबकड्या लाखेपासून बनत, आणि लाख तर प्रामुख्याने आपल्याच देशातील जंगलांतून परदेशी जात असे. म्हणजे लाख आपली, गळा आपला, आणि तबकडी मात्र बोटीने सातासमुद्रांपलीकडून यावयाची! पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला, तेव्हा हा वळसा संपला.

त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे मडक्यात विहीर ओतण्यासारखेच होते. तरीही अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे आवाज अशा तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतून गावोगाव पोहोचले. ज्यांनी नाटकगृहाचे दारही पाहिले नव्हते, अशा माणसांना नाट्यपदे तोंडपाठ झाली. तबकडी स्वस्त नव्हती. त्यामुळे ज्याच्या घरी चावीचा ग्रामोफोन असे, त्याच्या ओसरीवर सारी आळी जमे. तबकडी हातातून पडली तर तिचे तुकडे होत, सुई झिजली तर आवाज घोगरा होई. अशा शंभर कटकटी होत्या. परंतु एक गोष्ट निर्विवाद होती. ती तबकडी घेणाऱ्याची होती. त्याने ती शेजाऱ्याला ऐकावयास द्यावी, लेकीला सासरी जाताना द्यावी, नाही तर अडचणीच्या वेळी विकून टाकावी. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्यांच्या चळती लागत आल्या, त्या या हक्काच्या बळावरच.

१९४८ साली अमेरिकेत लाँग-प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. कॅसेटने आपल्या देशात, विशेषतः १९८० नंतर, जी उलथापालथ केली, ती मला फार मोलाची वाटते. तबकडी काढावयास मोठा कारखाना लागे; कॅसेट एखाद्या लहानशा खोलीतही भरता येई. त्यामुळे ज्यांना मोठ्या कंपन्यांनी कधी दारात उभे केले नसते, असे शाहीर, भजनी मंडळे आणि लोकगायक यांचे आवाज बाजारात आले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारी हजारो माणसे परतताना पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या कॅसेटी घेऊन जात. जत्रेतील दुकानात अभंग, पोवाडे, लावण्या एकाच फळीवर मांडलेल्या असत. फीत गुंतली की पेन्सिल खुपसून ती गुंडाळीत बसावे लागे, हे तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते हसून सांगतील. चोरून काढलेल्या नकलांचाही त्या काळी सुळसुळाट झाला आणि त्यात गायकांचे नुकसान झाले, हेही खरे आहे.

यानंतर १९८२ साली सीडी आली. पाहावयास तीही तबकडीच. पण आतून तिचा स्वभाव अगदी निराळा होता. जुन्या तबकडीवर आवाजाच्या लहरींची प्रत्यक्ष खाच कोरलेली असे. सीडीवर मात्र आवाजाचे एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप करून त्याचे आकडे नोंदविलेले असतात. येथेच गाण्याच्या व्यापाराचा पाया हलला, असे म्हटले पाहिजे. कारण गाणे एकदा आकड्यांत उतरले की त्याला तबकडीची गरज उरत नाही. आकडे कागदावर लिहावेत, तारेतून पाठवावेत, कोठेही साठवावेत. ते तेच राहतात. पुढे एमपी-थ्री या पद्धतीने हे आकडे आणखी आटोपशीर केले आणि गाणी इंटरनेटवरून घरोघर जाऊ लागली. १९९९ साली निघालेल्या नॅपस्टर या सेवेवर लोक एकमेकांना गाणी फुकट देऊ लागले. न्यायालयाच्या हुकुमामुळे २००१ साली ती देवघेव थांबली. २००३ साली ॲपल कंपनीने अमेरिकेत आयट्यून्स हे दुकान उघडले. तेथे एकेक गाणे ९९ सेंटला मिळे, आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक गाणी विकली गेली. भारतात हे दुकान २०१२ साली आले.

आता या दुकानातून घेतलेले गाणे तबकडीइतकेच आपले होते काय? याचे उत्तर अमेरिकेतील एका खटल्यात मिळाले. रेडिजी नावाच्या कंपनीने विचार केला की, जुनी तबकडी विकता येते, तर आपण पैसे देऊन घेतलेले संगणकावरील गाणे दुसऱ्यास का विकू नये? तिने तसे दुकान काढले. ध्वनिमुद्रणाच्या कंपनीने तिला न्यायालयात खेचले. २०१३ साली निकाल रेडिजीच्या विरुद्ध लागला आणि २०१८ साली वरिष्ठ न्यायालयानेही तोच कायम केला. तबकडी दुसऱ्याला देताना नवी प्रत निर्माण होत नाही; संगणकावरील गाणे पाठविताना नवी प्रत निर्माण होते, आणि प्रत काढण्याचा हक्क ग्राहकाने विकत घेतलेला नसतो, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. पण मग ग्राहकाने विकत घेतले तरी काय? कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली एक कायदा केला आणि तो २०२५ च्या १ जानेवारीपासून अमलात आला. पुढे विक्रेत्याला परत हिरावून घेता येईल अशी डिजिटल वस्तू देताना, 'तुम्हाला केवळ वापरण्याचा परवाना मिळत आहे,' हे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' असे शब्द लिहिण्यास त्याने बंदी केली. एका क्रियापदासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज तर गाणे विकत घेण्याची चालच मागे पडली आहे. दरमहा किंवा दरवर्षी वर्गणी द्यावी, अथवा मधूनमधून जाहिराती ऐकाव्यात, आणि भ्रमणध्वनीवर हवे ते गाणे लावावे. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. या सेवेला नावे ठेवणे मला मुळीच मान्य नाही. ज्या गावात कधी संगीताचे दुकान नव्हते, तेथील मुलगी आज शाळेतून आल्यावर भीमसेन जोशींचा अभंग ऐकते, आणि तिला वाटले तर त्यापाठोपाठ दूरच्या कोणत्याही देशातील वाद्यवृंद ऐकू शकते. पूर्वी एखाद्या राजालाही हे साधले नसते. वाचनालयाची वर्गणी भरून पुस्तके वाचणाऱ्याला कोणी दोष देतो काय? तसेच हे आहे.

मात्र वाचनालयातील पुस्तक परत जावयाचे असते, हे वाचकाला ठाऊक असते. येथे ते विसरावयास होते. २०२३ च्या मार्च महिन्यात झी म्युझिक कंपनी आणि स्पॉटिफाय यांचा करार जमला नाही, आणि त्या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी दिसेनाशी झाली. ज्यांनी आवडीच्या गाण्यांच्या याद्या निगुतीने तयार केल्या होत्या, त्यांच्या याद्यांना भोके पडली. २०२४ साली भारतातील विंक ही सेवाच बंद करण्यात आली. मायस्पेस या संकेतस्थळावर नवोदित कलाकारांनी अनेक वर्षे आपली गाणी ठेवली होती. जुनी बहुतेक गाणी नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. कोणी म्हणेल, रेडिओवरील गाणे तरी आपले कोठे होते? १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा लोक कानात प्राण आणून ऐकत आणि भराभर शब्द उतरून घेत, कारण पुढच्या क्षणी गाणे जाणार, हे त्यांना ठाऊक होते. हा आक्षेप योग्य आहे. पण रेडिओने 'ही तुझी गाणी' असे श्रोत्याला कधी भासविले नाही. आजच्या सेवा मात्र त्या यादीला 'तुमचा संग्रह' म्हणतात.

दुसरी गोष्ट गाणाऱ्याच्या पोटाची. तबकडी किंवा कॅसेट विकली गेली की गायकाचा जो काही वाटा असेल, तो एकदम ठरे. स्ट्रीमिंगमध्ये गाणे जितक्यांदा ऐकले जाईल, त्या मानाने अगदी थोडे थोडे पैसे जमत जातात. मोठ्या गायकाला ते पुरतात. परंतु २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत जे गाणे १००० वेळाही ऐकले गेले नाही, त्याला मोबदला मिळणार नाही. आडगावच्या एखाद्या शाहिराचा पोवाडा तीनशे माणसांनी मनापासून ऐकला, तर त्याच्या हाती काय? त्याच तीनशे माणसांनी पूर्वी जत्रेत त्याची कॅसेट घेतली असती, तर त्याच्या घरात काही महिन्यांचे धान्य आले असते. मला ही बाब कराराच्या भानगडींहून अधिक टोचते.

म्हणून माझे मत असे आहे की, ओळख करून घेण्यासाठी वर्गणी खुशाल वापरावी. पण जी पाच-दहा गाणी आपल्याला जन्मभर हवीत असे वाटते, ती स्वतःजवळ राहतील अशा रूपात, गायकाला पैसे देऊन घ्यावीत. ती सीडी असो, कायमची उतरून घेता येणारी प्रत असो किंवा तबकडी असो. तबकडीचे नाव ऐकून हसू नका. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर तबकडीने सीडीला प्रथमच मागे टाकले. यात हौसेचा आणि मिरवण्याचा भाग पुष्कळ आहे, हे मी नाकारीत नाही. मुंबईच्या काळा घोडा भागातील ऱ्हिदम हाऊस हे नामांकित दुकान २०१६ साली बंद झाले, त्यामुळे आपल्याकडे दुकानात जाऊन चाळण्याचा आनंदही आता दुर्मीळ झाला आहे.

जुन्या तबकड्यांचे मोल ओळखणारी माणसे आपल्यात आहेत. १९९० साली मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स असे तिचे नाव. शंभर वर्षांपूर्वीचे कित्येक आवाज आज आपल्या कानी पडतात, ते अशा संग्राहकांनी चोरबाजारातून, जुन्या वाड्यांतून आणि भंगाराच्या ढिगांतून तबकड्या उचलून आणल्या म्हणून. त्या तबकड्या कोणीतरी एके काळी पैसे देऊन घेतल्या होत्या आणि त्यांच्या मुलानातवंडांनी त्या फेकून दिल्या नव्हत्या. तुमच्या किंवा नातलगांच्या घरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्यापूर्वी खाली काढा, धूळ पुसा, आणि प्रत्येक तबकडीच्या मधल्या कागदावर गाणाऱ्याचे नाव व क्रमांक काय लिहिला आहे, तो वहीत उतरवून घ्या.