चाळिशी आणि चरितार्थ

तानसा नदीकाठी अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान उरकून, चिमाजी अप्पांच्या वसईविजयानंतर उभारल्या गेलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाकडे निघालेला यात्रेकरू वाटेत हार विकत घेतो. पण तो ओवणाऱ्या बाईचे वय पंचेचाळिशीच्या घरात असेल, तर ती सुई डोळ्यांपाशी न आणता हात लांबवून धरते, मान मागे नेते, आणि तरीही दोरा नेढ्यात शिरेना म्हणजे सावलीतून उठून उन्हात जाते, इकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

या उन्हात जाण्याला शास्त्राधार आहे. प्रखर प्रकाशात परितारिकेमधली बाहुली बारीक होते, आणि बारीक छिद्रातून आलेल्या किरणांना पसरण्यास वाव कमी राहिल्यामुळे, भिंगाने दगा दिला असला तरी दृष्टिपटलावरील प्रतिमा बऱ्यापैकी रेखीव उमटते.

डोळ्याच्या किरण वळविण्याच्या शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश दर्शनी स्वच्छमंडलाकडे असते. पण ती कायमची ठरलेली. दूरच्या व जवळच्या वस्तूंनुसार फेरबदल करण्याचे काम बाहुलीमागच्या भिंगाकडे असून, ते करण्याची रीत मोठी उफराटी आहे. भिंगाभोवती स्नायूचे एक कडे आहे व त्या कड्याला ते अतिसूक्ष्म तंतूंनी टांगलेले आहे. दूर पाहताना स्नायू सैल, म्हणून कडे रुंद, तंतू ताणलेले आणि भिंग चपटे. जवळ पाहताना स्नायू आवळतो, कडे लहान होते, तंतू ढिले पडतात, आणि ताणातून सुटलेले भिंग निव्वळ स्वतःच्या लवचिकपणाने फुगून येते. सारा कारभार त्या लवचिकपणावर! परंतु भिंगात आयुष्यभर नव्या थरांची भर पडते, जुने गळून न जाता आत दाबले जातात, आणि गाभा कठीण होत जातो. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरांवरचे स्पष्ट दिसते. पंचेचाळिशीच्या सुमारास ती मर्यादा वीतभराच्या पलीकडे सरकते, आणि साठीत हातभर अंतरही पुरत नाही.

हा रोग नव्हे. तो प्रत्येकाच्या वाट्यास येतो. आम्ही कागदांत वावरणारी मंडळी चष्मा घेऊन मोकळी होतो, आणि चाळिशी ही वाचणाऱ्यांचीच गरज असा सोयीस्कर समज करून घेतो. वज्रेश्वरीच्याच तालुक्याच्या ठिकाणी, भिवंडीत, यंत्रमागावर तुटलेला धागा शोधून सांधणाऱ्या कामगाराला वर्तमानपत्र वाचावयाचे नसेल, पण त्याची नजर अक्षराहून बारीक वस्तूवर खिळलेली असते. आणि अंधूक उजेडाच्या कारखान्यात बाहुली उलट विस्फारत असल्यामुळे त्याला उन्हाचा तो फुकटचा उपायही लाभत नाही. आसामातील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी तो न मिळालेल्यांच्या मानाने सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले. धाग्याचे काम तर पानाहून कितीतरी नाजूक.

सरकार याविषयी अगदीच गाफील आहे असे म्हणता येणार नाही. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात वृद्धांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूद आहे. माझी तक्रार त्या ‘वृद्ध’ शब्दापाशी आहे. बेचाळीस वर्षांचा विणकर कोणत्याही दफ्तरात वृद्ध ठरत नाही, आणि त्याचे भिंग मात्र दफ्तर पाहून कठीण होत नाही. वयाची ही अट चाळीसवर आणावी, हातकाम करणाऱ्यास वृद्धत्वाचा दाखला मागू नये, आणि शिबिरांनी केवळ मोतीबिंदूंची मोजदाद करून आपला अहवाल पुरा मानू नये. तपासणी अर्थात हवीच, कारण काचबिंदू गाजावाजा न करता येतो आणि बाजारातून आणलेला चष्मा तो ओळखू शकत नाही.

चैत्री अमावास्येच्या वज्रेश्वरीच्या यात्रेत आरोग्य खात्याने एक मांडव घालावा, आणि तेथे जवळची नजर तपासताना ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यापुढे छापील तक्ता न धरता सुई-दोरा, मूठभर तांदूळ आणि तुटका धागा ठेवावा. एका साध्या जवळच्या चष्म्याला जो खर्च येतो, तो पाहता या तजविजीसाठी मंत्रालयातून वेगळ्या मंजुरीची वाट पाहण्याचेही कारण दिसत नाही. जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर पुढच्याच यात्रेला हे होण्याजोगे आहे.