शब्दकोड्यांतील गोड आणि लहान

शब्दकोड्यांत गोड पदार्थांचे संकेत वारंवार येतात, आणि त्यांतील बरेचसे कांहींतरी लहान करावयास सांगतात. अशा संकेतांविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस वाटतें.

हा खेळ मूळचा पाश्चात्त्य. आर्थर विन याचें पहिलें कोडें 21 डिसेंबर 1913 रोजीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. मराठींत येतांना त्याचा हिशेब मात्र बदलला. इंग्रजींत एका घरांत एक वर्ण. आपल्याकडे एक संपूर्ण अक्षर, मग तें जोडाक्षर कां असेना. 'श्री'ला एकच घर पुरतें. म्हणून 'पक्वान्नाचें मस्तक उडवा, तुकडा उरेल' असें दिसतांच 'श्रीखंड' आणि 'खंड' सुचावेत. साखरेचें मधलें अक्षर गाळलें, तर भातावर घ्यावयाचें 'सार' उरतें.

लहान करण्याची दुसरी रीत व्याकरणाची. लोट्याची लोटी होते, डब्याची डबी. स्वयंपाकघरांत मात्र हा नियम फसवितो. नारळाची वडी म्हणजे लहान वडा नव्हे. आणि पोळी हें पोळ्याचें लहान रूप तर मुळींच नव्हे. पोळा हा बैलांचा सण, पोळी त्या दिवशींच्या ताटांतली!

खरी अडचण पुढेंच येते. 'सारण भरून मुरड घातलेलें पक्वान्न, अक्षरें चार.' करंजी तीन घरांतच संपते. अशा वेळीं नांदेड-लातूरकडील एखादी आजी सहज सांगेल, 'कानवला'. महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्यासाठीं पिठाची इवलीशी वेणी, फणी, करंडा ज्या हातांनीं घडविला, त्या हातांपाशीं असे शब्दही आहेत.

हे शब्द टिकले ते घरांमुळें. 17 सप्टेंबर 1948 पर्यंतच्या निजामी राजवटींत कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा मुख्यत्वें उर्दू होती. मराठी सांभाळली ती माजघरानें. आतां शाळा मराठी आहे, कचेरीही मराठी आहे. पण फराळ विकत येतो, आणि डब्यावर छापलेलें एकच नांव मुलांच्या तोंडीं बसतें. पदार्थ तोच राहतो, त्याचीं नांवें मात्र कमी होत जातात. भाषेचें असें लहान होणें कोणत्याही व्याकरणांत बसत नाहीं.

म्हणून आमची एवढीच सूचना: कोडें एकट्यानें सोडवूं नये. एखादें घर रिकामें राहिलें, तर कोशाकडे हात जाण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांना विचारावें.